बाळापुरात सून परत येते

मी, उत्तमराव लिंबाजी मस्के, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा तंबूतल्या टॉकीजचे मशीन चालवणे, सध्याचा धंदा काही नाही, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेले नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, डोके मात्र शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पण माझा धाकटा मुलगा बालाजी गावभर सांगत फिरतो की, "बापूचं डोकं त्या इंगवल्याच्या पिक्चरमधीच अडकून बसलंय." म्हणजे उद्या कोर्टात हाच मुद्दा निघणार. म्हणून नट चंद्रसेन इंगवले यांच्या चार चित्रपटांविषयी माझे मत मी इथे मुद्दाम नोंदवत आहे. ज्याला चाळीस वर्षांपूर्वीचे सिनेमे रीळवार आठवतात, त्याचे डोके फिरले आहे की काय, हे न्यायाधीशसाहेबांनीच ठरवावे. हा मजकूर टाइप करून देणाऱ्या वकील अनुश्रीताई म्हणाल्या, "आजोबा, मृत्युपत्रात सिनेमा कशाला?" मी म्हणालो, "ताई, घर सिनेमावरच बांधलंय, मंग काहून न्हाई लिवायचं?" त्यावर त्यांनी टाइप करायला घेतले.

कलम १. माझी पत्नी शकुबाई चार वर्षांपूर्वी वारली. थोरला मुलगा ग्यानोबा सहा वर्षांपूर्वी हळद घेऊन वसमतला जाताना टेम्पो उलटून गेला. त्याच्या मागे पत्नी शिला आणि मुलगी कोमल. बालाजी सहकुटुंब कळमनुरीला स्वतःच्या घरात राहतो. शिला, कोमल आणि मी बाळापुरात बसस्टँडमागच्या घरात राहतो. हे घर मी टॉकीजच्या पगारातून बांधले. वडिलोपार्जित असते तर मला एवढ्या जोरात बोलता आले नसते.

कलम २. शेत वडिलोपार्जित आहे आणि त्याची रीतसर वाटणी झालेली आहे. बालाजीचा भाग बालाजीकडे, ग्यानोबाचा शिला व कोमलकडे. त्याबद्दल नव्याने काही लिहायचे नाही. शेतावरून आठवले, इंगवलेंचा "थोरली पाती" हा चित्रपट मला कधीच पटला नाही. त्यात ते तिफण हाकतात, पण चाड्यात बी सोडायला कोणीच नाही. रिकामी तिफण! तरी पुढच्या रिळात पीक कमरेला लागलेले. कळमनुरीच्या बाजारच्या दिवशी लावला तेव्हा लोक पडद्याकडे बघून ओरडले, "आरं, बी तर टाक!" माणूस देखणा होता, गातानाही शोभायचा, पण शेतकरी नव्हता. शिला तिच्या वाट्याचे शेत स्वतः करते आणि तिची पेरणी बघायला लोक बांधावर थांबतात. हे बालाजीने वाचावे.

कलम ३. "वेशीवरचा वाघ" हा त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट. बारा जणांशी मारामारी होते आणि फेटा जागचा हलत नाही. बालाजी सहा वर्षांचा असताना माझा गमछा डोक्याला बांधून गव्हाणीवरून उडी मारायचा आणि हात मोडून घ्यायचा. दोनदा मोडला. दोन्ही वेळा त्याला खांद्यावर घेऊन मी दवाखाना गाठला आहे. या चित्रपटाची जाहिरात मी बैलगाडीतून ज्या कर्ण्यावर केली तो पितळी कर्णा बालाजीला द्यावा. त्याला आवाजाची हौस लहानपणापासून आहे. माझा त्याच्यावर राग आहे, माया गेलेली नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिता येतात असे अनुश्रीताई म्हणतात.

कलम ४. "भरल्या घरचा पाहुणा" हा विनोदी चित्रपट मला बेताचाच वाटतो. इंगवलेंना विनोद जमत नसे, ते हसायच्या जागी आधी स्वतःच हसत. पण शकुबाईला तो फार आवडे. मशीनशेजारी लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसून तिने तो अकरा वेळा पाहिला. तोंडाला पदर लावून हसायची, आणि मी चिडलो की म्हणायची, "तुमाला हसायचं माहीत न्हाई, तुमी आपलं चाक फिरवा." ती खुर्ची आणि मशीनची भिंगे नात कोमलला द्यावीत. कोमल नांदेडला नर्सिंग शिकते. तिने खुर्ची वापरावी, माळ्यावर टाकू नये. शकुबाई गेल्यापासून त्या खुर्चीवर मला चार वर्षे बसवलेले नाही.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. "उसने कुंकू" या चित्रपटात इंगवलेंचा डबल रोल आहे, बाप आणि मुलगा. बापाच्या मिशीला चुना लावल्यासारखा पांढरा रंग, हात मात्र पंचविशीचे. मुलगा मध्यंतरानंतर मरतो. बाराव्या रिळात विधवा सून बाळंतपण उरकून माहेराहून येते, सासू तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि सासरा घराच्या किल्ल्या तिच्या हातात देतो. तेराव्या आणि शेवटच्या रिळात दीर तिला टोचून बोलतो. सासरा बाजेवर बसून सगळे ऐकतो आणि गप्प राहतो. सून किल्ल्या तुळशीपाशी ठेवते, लेकरू कडेवर घेते आणि धरणाच्या बांधावरून निघून जाते. मग "समाप्त". बाकी महाराष्ट्राने हाच शेवट पाहिला आणि रडून घरी गेला.

आमच्या भागात तो तसा झाला नाही. जत्रेत तंबू लागला होता. माझा मदतनीस सटवाजी याला भजी खायला ताटली लागे. तो रिळांच्या डब्यांची झाकणे काढून त्यातच भजी खाई. रिळाचा नंबर झाकणावर लिहिलेला असे आणि जुन्या प्रिंटच्या सुरुवातीच्या नंबरच्या पट्ट्या केव्हाच तुटून गेल्या होत्या. त्या दिवशी त्याने बाराचे झाकण तेराला आणि तेराचे बाराला लावले. मी झाकण बघून, बारावे समजून, तेरावे रीळ आधी लावले. सून निघून गेली, "समाप्त" आले, बाया डोळे पुसत उठल्या, धूळ झटकू लागल्या, आणि माझ्याजवळ एक रीळ शिल्लक. लावून टाकले. पडद्यावर सून बाळ घेऊन परत आली आणि सासऱ्याने किल्ल्या दिल्या. तंबूत बायांनी जो गलका केला तसा मी मारामारीलाही ऐकला नव्हता.

टॉकीजच्या मालकाने मला दुसऱ्या दिवशी झापले. पण संध्याकाळी बाया तिकिटाच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "कालच्यावाणीच लावा, न्हाई तर आमी येत न्हाई." तेव्हा मी तेराव्या रिळाची "समाप्त"ची पट्टी कापली आणि बाराव्याच्या शेवटी चिकटवली. पुढे आठ वर्षे बाळापूर, कळमनुरी, सेनगाव, सगळीकडे मी तो असाच दाखवला. चूक एकदाच झाली, नंतरचे सगळे मी समजून केले. मालकाने तंबू मोडला तेव्हा ही दोन रिळे मी मागून घेतली.

सटवाजीने झाकणांची चूक आजवर कबूल केलेली नाही. उलट मी पिऊन होतो असे त्याने चार गावांत सांगितले. मी मशीनवर असताना कधी प्यायलो नाही. दोन्ही झाकणे त्याला द्यावीत असे मनात होते. पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे अनुश्रीताईंचे म्हणणे. म्हणून आज हातोहात देतो, खरे बोलला तर.

कलम ६. मागच्या दिवाळीत बालाजी घरी आला. त्याला घराच्या जागेवर खत-बियाण्याचे दुकान काढायचे आहे. रस्त्याला लागून जागा आहे, दुकान चालेलही. त्याने मोबाइलवर "उसने कुंकू" शोधून काढला आणि अंगणात सगळ्यांसमोर शेवट लावला. शिलाला म्हणाला, "बघा वहिनी, खरा पिक्चर असा हाय. शहाणी बाई कोणाला तकलीफ देत न्हाई, आपली वाट धरती. सेनगावला तुमचं माहेर हाय, भाऊ काय न्हाई म्हणून राहिले का?"

मी बाजेवर बसलो होतो. मी सगळे ऐकले आणि काही बोललो नाही. बारा जणांना लोळवणारा इंगवले पोटच्या पोरापुढे गप्प बसतो म्हणून मी आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या, आणि माझी वेळ आली तेव्हा मी मिशी न रंगवता तेच केले. हे लिहिताना मला लाज वाटते. ती लाज इथे नोंदलेली राहावी.

सकाळी किल्ल्या तुळशीपाशी होत्या. मी काठी घेऊन स्टँडवर गेलो. शिला पिशवी मांडीवर घेऊन, सेनगावला जायला, हिंगोलीच्या गाडीची वाट बघत होती.

"मामा, तुमी काहून आलाव? गुडघे दुखतेत ना."

"घरी चल."

"मामा, मी लहानपणी सेनगावला पाहिला तवा ती परत आली व्हती. आजवर मला वाटत व्हतं, पिक्चर तसाच हाय. भावजी म्हणतेत ते खोटं हाय ना?"

"खोटं न्हाई. ते माझ्या हातून झालं व्हतं."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग खरं कोणतं?"

"दोनी बी खरी हायत. मागून कोणतं लावायचं ते मशीनवाल्याच्या हातात असतं. आन् बाळापुरात ती परत येती."

गाडी आली, थांबली, गेली. शिला माझी काठी सावरत घरी आली. येताना तिने कोपऱ्यावरून पावशेर शेव घेतली, कारण मला चहाबरोबर शेव लागते.

कलम ७. सबब, बसस्टँडमागील माझे राहते घर, तीन खोल्या, वरचे पत्रे, अंगण, नळ, तुळशीवृंदावन यांसह, माझ्या पश्चात माझी सून शिला ग्यानोबा मस्के हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, तिची मर्जी. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. लग्न करावे असे माझे मत आहे, पण मत म्हणजे अट नव्हे. बालाजीला राहते घर आहे आणि शेताचा वाटा मिळालेला आहे, म्हणून त्याला या घरात हिस्सा ठेवलेला नाही. हे मी विसरून नव्हे, विचार करून केले आहे. त्याने हरकत घ्यायची ठरवल्यास ती हरकत आधी त्याच पितळी कर्ण्यावर बाळापूरच्या बायांना वाचून दाखवावी आणि मग कोर्टात जावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त पोस्टमास्तर राधाकृष्ण जोशी यांनी करावी. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची पत्रे न उघडता पोहोचवली आहेत, माझा कागदही तसाच पोहोचवतील.

कलम ९. घराच्या किल्ल्या मात्र या कागदाच्या भरवशावर ठेवलेल्या नाहीत. त्या मी आज सकाळी अंगणात, बालाजीला कळमनुरीहून बोलावून घेऊन, त्याच्यासमोर शिलाच्या हातात दिल्या आहेत. बालाजी म्हणाला, "बापू, तुमाला सांगून फायदा न्हाई." मी म्हणालो, "बराबर." तो चहा न घेता गेला. पण जाताना पायरीशी थांबून त्याने वहिनीला "येतो" म्हटले, तेही इथे नोंदवतो.

दोन्ही रिळे कोमलकडे राहतील. "समाप्त"ची पट्टी जिथे चिकटवली आहे तिथेच राहू द्यावी.

मी गेल्यावर फार रडारड करू नये. त्या दिवशी या घरातून निघून जाणारा मी एकटाच असेन, दुसऱ्या कोणी पिशवी भरायची नाही.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) उत्तमराव लिंबाजी मस्के

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत उत्तमरावांनी कागद वाचून वर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) राधाकृष्ण जोशी, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार आखाडा बाळापूर

साक्षीदार २: (सही) सटवाजी, टॉकीजचा जुना मदतनीस, राहणार आखाडा बाळापूर. सहीखाली स्वहस्ते: झाकणं माज्याच हातून बदलली. उत्तमराव पेलेला नव्हता.