ओपनमधून भरलेला फॉर्म

नाशिक रोड,
गुरुवार सकाळ

प्रिय साक्षी,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. आता पप्पांचं भाषण कागदावर आलं, असं तू म्हणशील आणि राकेशमामा मिशीत हसेल. हसू दे. पण कागदाची एक सोय आहे बघ. कंटाळा आला की घडी घालून बाजूला ठेवता येतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषणातून सुटायला तुला बॅग भरून थेट देवळाली कॅम्पला मामाकडे जावं लागलं. तू गेल्यापासून घरात कुकरशिवाय कुणी आवाज चढवलेला नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. भांडण चालू असताना तिने मला सुनावलं होतं, "अहो, घरात माईक नसतो." तेव्हा मला राग आला होता. आता तेच वाक्य भाजी चिरतानाही ती तोंडातल्या तोंडात म्हणते आहे की काय, असं मला वाटत राहतं.

प्रेसमधून रजा टाकली आहे. कामावर जाऊन तरी काय करणार, लक्ष यंत्रावर नसेल तर तिथे उभं राहू नये. घरी बसलो तर ओट्यावर मुलं. जुलै आहे, त्यामुळे दरवर्षीसारखी कॉलनीतली सगळी पोरं सीईटीचे पर्सेंटाइल घेऊन येतात आणि विचारतात, काका, मला सरकारी कॉलेज कुठलं लागेल? काल शेजारच्या कुसाबाई नातवाला घेऊन आल्या. ओमला अठ्ठ्याऐंशी आहेत आणि त्याला मुंबईच हवी. मी नेहमीचं सांगायला लागलो, की बाबा रे, पसंतीक्रम इच्छेने भरायचा, भीतीने नाही. जे हवं ते सगळ्यात वर लिही. ते नाही मिळालं तर कॉम्प्युटर खालच्या नावाकडे जातो, वर लिहिलं म्हणून कुणी दंड करत नाही. पण जे सहज मिळेल तेच वर लिहून बसलास तर तेच गळ्यात पडेल आणि पुढचं दार बंद. कुसाबाई म्हणाल्या, "धम्मपाल, पोरगं कुठं लागंल तेवढं सांग, सभा नंतर घे." सगळे हसले, मीही हसलो. पण ओमचे आकडे बघताना माझ्या डोळ्यासमोर तुझे होते. त्याला मी एक कॉलेज दोनदा सांगितलं, त्यानेच दाखवून दिलं.

तुझा अंदाज मी आज पुन्हा काढला. काल काढला होता, परवाही काढला होता. गेल्या तीन वर्षांचे कटऑफ बदलणार नाहीत हे मला कळतं, तरी हात थांबत नाही. ऐक, आणि हा अंदाज आहे, वकिली नाही. तुला शहाण्णव आहेत. तू फॉर्म ओपनमधून भरला आहेस. त्या हिशोबाने इलेक्ट्रॉनिक्सला अमरावतीचं सरकारी कॉलेज मिळेल असं वाटतं, कराड काठावर आहे, आणि पुणे नाही. पहिल्या फेरीत नाही आणि शेवटच्याही नाही. तोच फॉर्म आपल्या प्रवर्गातून असता, तर पुणे मिळण्याची शक्यता चांगली आहे. अमरावतीला मी नावं ठेवत नाही. पण गेल्या वर्षी पुण्याच्या कॉलेजचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, तेव्हा मुलांनी स्वतः जोडलेली ती यंत्रं बघत तू एका प्रयोगशाळेच्या दारात अडकून पडली होतीस. रखवालदाराने दोनदा हटकलं. गाडी चुकली आपली. परतताना नारायणगाव आलं तेव्हा तू एकदम म्हणालीस, "पप्पा, मला इथेच यायचंय." म्हणून पुणे म्हणतो आहे. माझ्यासाठी नाही. फीचा विषय तर मी काढतच नाही, तो आपण पाहून घेऊ.

आता तू ज्यावरून उठून गेलीस ते. तुझं म्हणणं मी त्या दिवशी पूर्ण होऊ दिलं नाही, म्हणून आधी तुझं लिहितो, बरोबर आहे का बघ. तू म्हणालीस, "मला एकदा बघायचंय, मी माझी मी कुठपर्यंत पोचते." मी मध्येच तुटून पडलो. हजार वर्षांचा इतिहास काढला, पाणी काढलं, शाळेच्या पायरीबाहेर बसवलेले तुझे पणजोबा काढले. तू शांतपणे ताट सरकवलंस आणि म्हणालीस, "पप्पा, तुमच्या भाषणात जी मुलगी असते ना, ती मी नाही." प्रेसच्या गेटवर, चौकात, जयंतीच्या मांडवात माणसं मला प्रश्न विचारतात आणि मी उत्तर देतो, माझं आयुष्य त्यात गेलं. तुझं वाक्य मात्र गेले काही दिवस अंगात घुसलेल्या कुसळासारखं टोचतं आहे. बसलो की टोचतं, म्हणून उठतो. उठून जायचं कुठे, म्हणून पुन्हा बसतो.

तरीही माझं मत तसंच आहे, हे लपवणार नाही. तू कुठपर्यंत पोचलीस हे शहाण्णव सांगतात. तो पेपर सोडवताना तुझ्या स्क्रीनवर कुणी सोपी गणितं टाकली नव्हती. आणि एक गोष्ट तू कुणाकडून तरी अर्धवट ऐकली आहेस. प्रवर्ग लिहिला म्हणून खुल्या जागेवरचा हक्क जात नाही. आधी गुणांवर खुल्या जागेचाच विचार होतो, तिथे बसलीस तर ती जागा तुझी, आणि नाही बसलीस तरच राखीव जागा बघतात. दुसरं असं की डोमिसाइलसाठी आपण सेतू केंद्रात रांगेत उभे होतो. कशासाठी? तर या सरकारी कॉलेजांतल्या जागा आधी आपल्या राज्यातल्या मुलांच्या म्हणून. बाहेरच्या राज्यातली एखादी मुलगी तुझ्याहून हुशार असेल, तिला त्या मिळणार नाहीत. तो दाखला लावताना तुला कमीपणा वाटला नाही. मुलींसाठी ठेवलेल्या जागा आहेत, त्याही तू नाकारल्या नाहीस. कॅम्पातली तुझी मैत्रीण, सुभेदारांची मुलगी, सैनिकांच्या मुलांच्या जागेवर अर्ज करते. करावाच, तिच्या बापाने उन्हातान्हात सीमेवर वर्षं काढली. तिला कुणी हसत नाही. मग चार दारांपैकी एकाच दारातून जाताना मान खाली घालायची, हे कुणी ठरवलं? मी असं विचारलं की सभेत टाळी येते. तुला मी टाळीसाठी विचारत नाही. मला खरंच ऐकायचं होतं, की कुणी ठरवलं.

आणि ते मला परवा कळलं. तुझी क्लासमधली आरोही आली होती. निफाडहून आली, तिच्या वडिलांनी, सोमनाथरावांनी, घरच्या मनुका पाठवल्या होत्या. मला वाटलं तीही अंदाज विचारायला आली असेल, म्हणून मी तिचे पर्सेंटाइल विचारून दोन कॉलेजं सांगितली. तिने ऐकून घेतलं, पण उठेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "काका, साक्षी माझा फोन नाय उचलत." आईने पाणी दिलं. मी विचारलं, भांडलात का? तर तिचे डोळे भरले. निकालाच्या दिवशी तुमच्या क्लासमध्ये काय झालं, ते तिने सांगितलं. सर एकेकाला उभं करून पेढा देत होते आणि सगळ्यांसमोर अंदाज वर्तवत होते, तुला पुणे, तुला सांगली, तू अजून देव पाण्यात ठेव. तुझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "साक्षीचा काय अंदाज काढायचा! ही झोपून राहिली तरी सीट घरपोच येईल." आरोही म्हणाली, "लय हसले काका सगळे. मीबी हसले. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, सर गंमत करत्यात. मग तिच्याकडं पाह्यलं तं तिनं पेढा तसाच बाकावर ठेवला व्हता."

दोन वर्षं पहाटे उठून त्याच बाकावर बसलेली मुलगी, आणि तिला म्हणे झोपून राहिली तरी. मी चपला घातल्या. सरांना काय ऐकवायचं ते तोंडात तयार होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं. चार कार्यकर्त्यांना फोन केला असता तर तासाभरात पन्नास माणसं क्लासच्या दारात उभी राहिली असती. आई दारात आडवी आली. "कुठे?" म्हणाली. म्हटलं, क्लासवर. ती म्हणाली, "पोरीने एवढी गोष्ट आपल्या बापाला का सांगितली नाही, ते कळलं असेल तर जा."

गेलो नाही. बिटको चौकापर्यंत चालत गेलो, चहा सांगितला, न पिता तसाच उठलो आणि परत आलो. रस्त्यात दोघातिघांनी जय भीम घातला, एकाने रविवारच्या सभेचं विचारलं. त्याला हो म्हणालो की नाही, आठवत नाही. आईचा प्रश्न माझ्यापुढे चालत होता. तू मला सांगितलं नाहीस, कारण मला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो सगळ्या नाशिक रोडचा विषय झाला असता. तुझा अपमान माझ्या तोंडून लाऊडस्पीकरवर गेला असता. तो एका वर्गातल्या चाळीस मुलांनी पाहिला होता, मी तो हजार माणसांना दाखवला असता. त्यापेक्षा तू एकटीने उत्तर द्यायचं ठरवलंस, आणि ते उत्तर फॉर्मवर लिहिलंस. मला ते उत्तर पटत नाही. त्या सरांना ऐकवण्यासाठी तू पुणे सोडावंस, एवढी त्यांची लायकी नाही. पण ते का लिहिलंस, हे आता मला कळतं. आणि बेटा, त्यात धमक आहे. माझ्यात तुझ्या वयात ती नव्हती, माझ्यात तेव्हा नुसता आवाज होता.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. गुणवत्ता यादीतल्या दुरुस्तीची मुदत उद्या संध्याकाळी संपते. त्यानंतर प्रवर्ग बदलता येत नाही. काल मी चौकातल्या भिकनच्या सायबर कॅफेत गेलो. तुझा पासवर्ड मला माहीत होता, आपण दोघांनीच ठेवला होता. भिकनने भराभर पान उघडलं, जातपडताळणीचा, व्हॅलिडिटीचा कागद जोडला, दुरुस्तीचं बटण दाबलं. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा आहे. ओटीपी माझ्या हातात वाजला. भिकन म्हणाला, "बोला काका, सहा आकडे. झालंच काम." साक्षी, ते सहा आकडे माझ्या ओठांवर होते. पुणे तेवढ्या अंतरावर होतं. तुला कळलंही नसतं, कळलं असतं तेव्हा तू त्या प्रयोगशाळेत असतीस आणि कदाचित मला माफ केलं असतंस. पण तुझ्या भल्यासाठी, तुला न विचारता, तुझ्या नावावर निर्णय घेणारे जे असतात, त्यांच्याविरुद्ध तर मी आजवर घसा फोडला. मी भिकनला म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, "काका, तुम्ही पण ना," आणि त्याने पान बंद केलं. फॉर्म आहे तसाच आहे, तू भरलास तसा. आरोही आज कॅम्पच्या बसने तुझ्याकडे येते आहे. पत्र तिच्याजवळ दिलं आहे आणि सोबत माझा मोबाइल, सिमकार्डासकट. ओटीपी आता तुझ्याच हातात येईल. दुरुस्ती केलीस तर पुणे, नाही केलीस तर बहुतेक अमरावती. दोन्हीकडे तुझी ट्रंक उचलायला मीच येणार. आरोहीला आत घे, तिला तुझ्याशी बोलायचं आहे. आणि काय ठरवलंस ते सांगायला मला फोन करता येणार नाही, फोन तुझ्याकडे आहे. तेव्हा घरीच ये. मी ओट्यावर आहे. तू बोल, मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
पप्पा