पाण्याची खोली

सूनबाई,

तू पोरीला शाळेत सोडून येशील तोवर मी डायलिसिसला निघालेलो असेन. शेजारचे मास्तर गाडीने सोडताहेत, घाबरू नकोस.

गुरुवारी मी "आता पुरे, मला नेऊ नका" म्हणालो आणि तू जेवली नाहीस. तरी शनिवारी हट्टाने नेलंस. तिथे सुया टोचून घेताना मी सिस्टरना सहज विचारलं, "या मशिनला पाणी किती लागतं हो?"

"एका माणसाला शंभर लिटरच्या वर, आप्पा. आणि नळाचं चालत नाही, शुद्ध करावं लागतं."

जन्मभर पंप दुरुस्त केले, पण चार महिन्यांत हे विचारायचं सुचलं नाही! सिस्टरनी लगेच टेक्निशियनला बोलावलं. मला वाटलं, म्हातारा म्हणून वाटेला लावेल. तर म्हणतो, "मंगळवारी अर्धा तास लवकर या. पाण्याची खोली दाखवतो, रोज कसं तपासतो तेही बघा."

म्हणून आज ही घाई. औषधं घेतली आहेत. एक वाजता न्यायला ये.

तिथल्या गाळण्या पुढच्या महिन्यात बदलणार आहेत म्हणे. तेव्हा मला तिथे हजर राहायचं आहे.

— आप्पा