कापलेलं हसू

रविवार, संध्याकाळ

आज सेलूला मन्मथअप्पांकडं जाऊन आलो. बंद पडलेल्या टॉकीजचे ते ऑपरेटर. त्यांनी घरात जपलेलं एका जुन्या सिनेमाचं रीळ आमच्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपनं स्कॅन करून घेतलं. रिळाला आंबूस वास सुटला होता. काही उरलं असेल का, हीच धाकधूक.

त्या सिनेमाच्या टीव्हीवरच्या कॉपीत नायिका फलाटावर एकटीच हसते तेवढा तुकडा कापलाय. लहानपणी ते हसू मी खरंच पाहिलं होतं, की मनानंच रचलं? दोन वर्षं हेच डोक्यात.

लॅपटॉप लावला. तीच! हसली! माझ्या आठवणीपेक्षाही जरा जास्तच वेळ.

अप्पा म्हणाले, "सर, मी हे आजच बघायलोय."

"असं कसं अप्पा? रोज तुम्हीच तर दाखवायचात."

"इथंच रीळ बदलायची येळ व्हायची. मी दुसरं मशीन चालू करायलो असायचो. लोकं शिट्ट्या मारायचे, तेवढं ऐकू यायचं."

अख्ख्या सेलूला दाखवलं आणि स्वतः आज पाहिलं! पुन्हा लावलं. चौथ्या वेळी अप्पांनी आतल्या खोलीकडं वळून काकूंना हाक मारली, "अगं ए, भाईर ये लवकर! बघ, लय गोड हसती!"