रादोयेचा पुठ्ठा

प्रिय रास्तको, माझ्या सोन्या,

पणजी झाले रे मी, पणजी! चार इयत्ता शिकलेल्या बाईच्या अक्षराला हसू नकोस. पेन धरलं की बोटं मिरच्या ओवायला घेतल्यासारखी वाकतात. तुझं पोर दिसामासी नाही, तासातासाला वाढतंय. जांभई देतं तेव्हा तर अख्खं तोंड तुझ्या रादोये आजोबांचं! पण हे मी मनातच म्हणते, तुझ्या बायकोसमोर, यासनासमोर नाही. का ते सांगते. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तिच्या हातात असतो, आणि मला हे तिच्या तोंडाकडे बघत सांगायचं धाडस नाही. तू तिकडे नॉर्वेच्या बोटीवर एकटा बसून वाच.

इस्पितळातून घरी येताना “वाटेत जरा उकडलं” असं तिने तुला सांगितलं असेल. जरा? मी अजून भांडी घासता घासता दचकते, आणि ओल्या हातांनी पाळण्याकडे धावते.

आजोबांच्या गाडीतला एसी जूनपासूनच रुसला होता. गाडी पळत असली की थोडी गार हवा, थांबली की कोमट. मोमचिलो शेजारी, तुला माहीतच आहे, बस काय चालवली तीस वर्षं, स्वतःला गाड्यांचा डॉक्टर समजतो. त्याने गाडी बेला पालांका गावी नेऊन एसीचा गॅस तपासला, तो पुरेसा होता. मग आतली जाळी काढली, तर तिच्यात पॉपलरच्या झाडाचा कापूस, उशी भरेल एवढा! ती बदलली, तरी तेच. मी म्हटलं, मोमचिलो, पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घेऊ का? तर म्हणतो, “स्ताना आजी, ही गाडी आहे, तुमची आटलेली बकरी नाही.” बकरी आटलेली नाही, बरं का. सकाळी दीड लिटर देते.

तर पोर चार दिवसांचं, बाहेर एकेचाळीस डिग्री, मोमचिलो चालवतोय, मागे यासना, पोर आणि मी. सिचेवोच्या घळीत दरड पडली होती, एकच बाजू चालू, ही भली मोठी रांग. गाडी थांबली आणि एसीतून भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा यायला लागली. यासना म्हणाली, आजी, खिडकी उघडा. मी काय म्हणाले असेन? “चार दिवसांच्या पोराच्या कानाला वाऱ्याचा झोत? खिडकीला हात तर लाव!” झोताने माझ्या मावशीचं तोंड वाकडं झालं होतं, ते मी पाहिलंय. पोराला टोपीही मीच घातली होती. लोकरीची.

पोर रडत होतं. रडत होतं तोवर मला भीती नव्हती, रडणारं पोर जिवंत असतं. मग ते थांबलं. रास्तको, तसली शांतता मी युद्धातसुद्धा ऐकली नाही. तोंड लालभडक, ओठ सुकलेले, हात उचलला की पडतो. यासनाने टोपी ओरबाडून काढली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दोन्ही खिडक्या उघडल्या. झोत येऊ दे, सैतान येऊ दे, पण हवा येऊ दे! आली, पण तीही तव्यावरची. मी नॅपकिन भिजवून त्याच्या पायांवर ठेवला आणि ओठ न हलवता देवाला सांगितलं, मला ने, मी सत्त्याहत्तरची आहे, माझ्यात फायदाच आहे तुझा.

मोमचिलो बॉनेट उघडून गॅस, गॅस करत होता. मागच्या कलिंगडांच्या ट्रकमधून एक धिप्पाड बाई उतरली, पिरोत गावची. म्हणाली, “काका, गॅस राहू द्या, आधी बघा गाडीला श्वास घेता येतो का.” तिने एक कागदी रुमाल गाडीच्या तोंडापुढच्या जाळीला लावला. वर तो चिकटला, आतून पंखा ओढत होता ना. खाली लावला तर गळून पडला. तिने जाळीमागे हात घातला आणि ओढून काढला पुठ्ठा, बिस्किटांच्या खोक्याचा, ताणून बांधलेला. “अगं बाई, हिवाळ्याची गोधडी पांघरवून उन्हात उभी केलीत हिला?” रांगेतले सगळे हसले. मोमचिलोने कपाळावर हात मारला, “रादोयेचा पुठ्ठा! नोव्हेंबरात मित्रोवदानच्या सणाला घालायचा, मेमध्ये जुर्जेवदानच्या सणाला काढायचा. इंजिन लवकर तापावं म्हणून. म्हातारा गेला आणि पुठ्ठा राहिला!”

खिडक्या लावल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, मग गार हवा, खरीखुरी, डोंगरातल्या झऱ्यासारखी. पोराने डोळे मिटूनच तोंड वासलं आणि असा टाहो फोडला की ट्रकवाली बाई टाळ्या वाजवायला लागली. तिने एक कलिंगड दिलं. गोड होतं म्हणे. मी पुठ्ठ्याकडे बघत होते. त्याला लाल दोरा होता, मिरच्या ओवायचा.

इस्पितळात असतानाच फोनवर तुमचं ठरलं होतं, पोराचं नाव रादोये. घरी पोचल्यावर यासना म्हणाली, “ज्यांच्या विसराळूपणाने माझं पोर गुदमरलं, त्यांचं नाव मी याला रोज हाक मारून घेऊ? नाही. लूका ठेवू.” मोमचिलो म्हणाला, मेलेल्या माणसावर काय रागवायचं, पण तिचं बरोबरच आहे. आणि मी? मी सूप ढवळत राहिले. रविवारी त्यांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले, तर काडी तीनदा विझली. वारा नव्हता.

सोन्या, तुझे आजोबा गेल्या सप्टेंबरात गेले, आलुबुखारांच्या हंगामात. मित्रोवदान नोव्हेंबरात येतो. मोजून बघ. तो पुठ्ठा मी घातला. दर वर्षी ते घालायचे, मी तार धरायची. मला वाटलं, ते नाहीत म्हणून यासनाने पहाटे कामाला जाताना थंडीत का कुडकुडावं? तार सापडली नाही, मिरच्यांच्या दोऱ्याने बांधला. काढताना मात्र त्यांनी मला कधी बोलावलं नाही, जुर्जेवदानला मी सणाचं कोकरू भाजायच्या भट्टीपाशी असायची. तो काढायचा असतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं; मला वाटायचं, पावसात भिजून आपोआप गळून पडतो, म्हणून दर वर्षी नवा. चाळीस वर्षांत ते एकदाही विसरले नाहीत रे. ऑगस्टात इलिनदानच्या सणाला बाप्तिस्मा आहे, तू अजून लूका या नावाला हो म्हणालेला नाहीस. हे पत्र यासनाला फोनवर मोठ्याने वाचून दाखव. मी त्या वेळी बाहेर बकरीपाशी असेन. तिने मला पोर हातात द्यायचं नाही म्हटलं तर नाही. पण नाव त्यांचं त्यांना परत द्या.

तुझीच, घाबरलेली,
स्ताना आजी