वळणावरचे कातरे

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खुशालीच्या दोन ओळी आणि पुढे पानभर माझ्या डोक्याची काळजी. डोकं ठिकाणावर आहे. सहा वर्षं झाली, बसच्या वर्कशॉपमधून सुटलो की मी त्या बंद पिठाच्या गिरणीच्या शेडमध्ये जातो आणि कुणीतरी हौसेने मागवून अर्ध्यात सोडलेलं विमान जोडत बसतो. यात वेड लागण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. काही माणसं पत्ते खेळतात.

आता कामाचं. दोन्ही पंखांच्या फासळ्या बसवून झाल्या. लाकडी सांगाडा तयार आहे, त्यावर कापड चढवायचंय. तयार खोळी मागवायची माझी ऐपत नाही, पण नुसतं कापड मिळालंय. ते आणि कागदावर काढलेली मापं सोबत पाठवतोय. उशीला अभ्रा घालतात तशी खोळ पंखावर सरकवायची आणि वरून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे कापड आवळून बसतं. तुझ्याइतकी सरळ शिवण माझ्या ओळखीत कुणाची नाही. शिवणीबाहेर माया पाऊण इंच सोड आणि शिवण दुहेरी घाल. गणवेशाची पँटच समज, फक्त पाय पंधरा फुटांचे आहेत.

हिने या विषयावर बोलणं सोडलंय. डबा भरून देते, पण शेडचं नाव काढत नाही. तिच्या बोलण्यापेक्षा या गप्प बसण्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

लोभ आहे तो वाढवावा, कापड कमी पडलं तर लगेच कळवावं.

तुझा,
टिल्लू


१९ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठा आला. दोन दिवस तो दुकानाच्या कोपऱ्यात तसाच पडून होता, हात लावायची माझी छाती होईना. अरे, पँट उसवली तर माणूस कमरेला सदरा बांधून घरी येतो. तू वरून कुठे येणार? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघतच नाही. तव्याजवळ उभी असले तरी तोच, गिऱ्हाइकाचं माप घेतानाही तोच.

तरी शिवलं. दुसऱ्या कुणी शिवलं असतं तर मला झोप लागली नसती, मी शिवलं तरी लागणार नाही. मग निदान शिवण तरी माझी असावी. पाच दिवस लागले. बाबा दुकानात करायचे तशी प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आहे. उलटून बघशील तर आतूनही तितकंच स्वच्छ काम आहे.

तू उतारावरून सायकल सोडायचास तेव्हा मी तुझा हवेचा पंप लपवला होता. आता पन्नाशीला आलेल्या माणसाचं विमान कुठे लपवू ते सांग.

वहिनीला जप. आशीर्वाद आहेतच, ते कमी पडतील असं काही करू नकोस.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोळी अशा बसल्या की मी शेडमध्ये एकटाच हसत उभा राहिलो. इस्त्री फिरवली, वर कापड ताठ करणाऱ्या लेपाचे चार हात दिले, शिवणींवर पट्ट्या चिकटवल्या. आता टिचकी मारली की पंख वाजतो. टोकाशी जिथे गोल वळण आहे तिथे जरा जास्तच आवळून घेतलं, म्हणून तिथेही एक सुरकुती नाही. काल विमान तपासणारे सरकारी तपासनीस येऊन गेले. अंगठ्याने दाबून पाहिलं, शिवण कुणाची ते विचारलं आणि सही केली. शाळेच्या गणवेशवालीची, असं मी सांगितलं नाही.

शहराबाहेर फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी आहे. रविवारी, ४ मेला तिथून पहिलं उड्डाण.

एक गोष्ट तुलाच लिहितोय. गेल्या आठवड्यात आत बसून इंजिन सुरू केलं आणि भीतीने लगेच बंद करून खाली उतरलो. जमिनीवर असताना. हिला कळू देऊ नकोस.

लोभ असू दे, त्या रविवारी जरा जास्तच असू दे.

तुझा,
टिल्लू


१७ एप्रिल

चि. टिल्लू,
आशीर्वाद.

विमान उडवू नकोस. आधी पुढचं नीट वाच.

वळणावर एक सुरकुती नाही असं तू लिहिलंस, ते वाचलं आणि हातातलं शिवण खाली ठेवलं. गळा, काख, कॉलर, जिथे जिथे शिवण गोल फिरते तिथे मायेला कात्रीने बारीक बारीक त्रिकोणी कातरे द्यायचे असतात, नाहीतर उलटल्यावर कापड फुगतं. हे बाबांनी मला नवव्या वर्षी शिकवलं आणि तेव्हापासून माझा हात ते आपोआप करतो. पंखाचं टोकही गोल आहे. तिथे मी कातरे दिले की नाही, मला आठवत नाही.

सदऱ्याला कातरे चालतात, कारण सदरा कुणी आवळत नाही. तू ते कापड ताणलं आहेस. ताणलं की कातरा शिवणीपर्यंत फाटत जातो, आणि पुढे वाऱ्यात काय होईल ते माझ्याच्याने लिहवत नाही. हे सगळं आतल्या बाजूला आहे. तुझ्या तपासनिसाला ते दिसणारच नाही.

कातऱ्यांचे छोटे त्रिकोण सापडतात का म्हणून चिंध्यांची टोपली उपसली. कापड पांढरं, गणवेशाचे सदरेही पांढरे. शेकडो त्रिकोण निघाले. तुझे कुठले ते कसं ओळखू? दोन्ही पंखांची टोकं उघडून बघ. एवढं ऐक.

तुझी,
ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

टोक उघडणं म्हणजे खोळ वाया घालवणं. लेप वाया, पट्ट्या वाया, सही वाया, आणि नवीन कापड घ्यायला माझ्याकडे काही नाही. तुला आठवत नाही म्हणतेस. लहानपणी पंप कुठे ठेवलाय तेही तुला आठवत नव्हतं. मी वर्षभर सायकल हातात धरून शाळेत गेलो.

भीती वाटते तर भीती वाटते असं लिही. तिच्यासाठी गोष्ट रचू नकोस. ४ तारीख बदलणार नाही.

लोभ आहेच.

टिल्लू


२७ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला स्वतंत्र पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमचं पत्र यांनी टेबलावर टाकलं होतं, ते मी वाचलं. सहा वर्षं मी गप्प होते, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

काल हे कामावर गेल्यावर मी शेडमध्ये गेले. लग्नात तुम्ही मला दिलेली कात्री बरोबर नेली होती. तासभर नुसती उभी होते. आत काही निघालं नाही तर यांची सहा वर्षं मी हाताने कापलेली असतील, आणि ते ना मला माफ करणार ना तुम्हाला. तरी डाव्या पंखाचं टोक कापलं. आत शिवण सरळ, माया अखंड. एकही कातरा नव्हता. वन्सं, मी तिथेच खाली बसले. आता उजवा कापायचा तर कुठल्या तोंडाने?

पण तुम्ही दोन्ही म्हणाला होतात, म्हणून उठले. उजव्यात नऊ कातरे निघाले. सात होते तसे होते. दोन पहिली शिवण उसवून दुसरीला टेकले होते. त्यातून माझी करंगळी आरपार गेली.

हे आले, त्यांना आधी डावा पंख दिसला. मी त्यांना इतकं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांची करंगळी उजव्या पंखातल्या त्या भोकात घातली. मग ते उलट्या खोक्यावर बसून राहिले. आज त्यांनी स्कूटर विकून नवीन कापड मागवलं. रागावू नका, त्यांना लिहायची लाज वाटते आहे.

माझ्यावर आहे तसाच जीव असू द्या.

तुमची,
वहिनी


२३ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

लाज तू कसली बाळगतोस, कातरे माझ्या हाताचे. वहिनीचं पत्र वाचल्यापासून मी रोज स्वतःची करंगळी बघते.

डावा पंख मी आधी शिवला, भीत भीत. उजव्यापर्यंत हात बसला होता, भीतीही जरा उतरली होती, आणि तिथेच घात झाला. म्हणून या वेळी नव्या कापडाच्या दोन्ही खोळी मी घाबरतच शिवल्या. कापड बेतून झाल्यावर कात्री शेजारणीकडे नेऊन ठेवली. आता तूही भीत भीतच उडव. वर गेल्यावर धीट होऊ नकोस.

पार्सल उघडशील तेव्हा कापडाआधी पंप निघेल. कामावर सायकलने जातोस असं कळलं. तो शिवणयंत्राच्या पेटीखाली होता. मला सगळा वेळ आठवत होतं.

उडवशील त्या दिवशी मी येणार नाही, मला बघवणार नाही. उतरलास की लिही, तोवर आशीर्वाद हातात धरून बसले आहे.

तुझी,
ताई


२९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उतरलो.

नऊ मिनिटं वर होतो आणि नऊच्या नऊ मिनिटं घाबरलेलो होतो, तू सांगितलंस तसा. इंजिनाकडे लक्षच नव्हतं, कान सगळे उजव्या पंखाच्या टोकाशी. काही वाजलं नाही.

ही सगळा वेळ धावपट्टीकडे पाठ करून बसली होती. मी थांबल्यावर उठून आली, माझ्याकडे न बघता आधी दोन्ही टोकांवरून हात फिरवला, आणि मग बोलायला लागली. सहा वर्षांचं साठलेलं आहे, अजून थांबलेली नाही.

पंप चालतो. विमानाच्या चाकांत त्याच्यानेच हवा भरली होती. तू वर्षभर तो का लपवलास ते मला सातव्या मिनिटाला कळलं.

पुढच्या वेळी तू ये, पाठ करून बसायला दोघींना जागा आहे. तुझी माया आहे तेवढीच राहू दे, तिला कधी कात्री लावू नकोस.

तुझा,
टिल्लू