पुंजारामशेजारचा निंब

१५ जुलै २००१
नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागच्या टेकाडावर वृक्षारोपण झोकात झालं. स्मृतिवृक्षांची आयडिया माझी. घरटी एक झाड, त्यावर नावाची पाटी. वनखात्याचे साहेब म्हणत होते, दोन झाडांत दहा फूट तरी सोडा. पण मग सगळ्या पाट्या एका फोटोत कशा येणार? हातभर अंतरावर लावली. प्रेसमधला माझा जोडीदार कै. पुंजाराम, त्याच्या निंबाला खेटून माझा निंब. मी हयात आहे, पण पाटी करून ठेवली. ऐनवेळी धावपळ नको.

४ ऑक्टोबर २००३
पाऊस यंदाही गेला. झाडं माना टाकताहेत. कमिटीत ठराव पास: आठवड्याला झाडामागे एक बादली, सर्वांना समान. मीच मांडला. पुंजारामची बायको आशावहिनी लेकीच्या बाळंतपणाला सायखेड्याला निघाल्या. जाताना म्हणाल्या, भावजी, ह्यांच्या झाडाकडं ध्यान ऱ्हाऊ द्या. म्हटलं, निश्चिंत जा.

१९ ऑक्टोबर, पहाटे
माझ्या निंबाला गुपचूप दोन बादल्या जादा. अध्यक्षाचंच झाड वाळलं तर सभासदांचा धीर सुटेल. उद्यापासून बंद.

११ जानेवारी २००४
बंद करायचं राहून गेलं. माझा निंब डोक्याच्या वर गेला. पुंजारामचा कमरेशीच खुंटला, पानं पिवळी. वनखात्याच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, इतकी जवळ लावलीत, वर दुष्काळ. ज्याची मुळं दांडगी तो दुसऱ्याच्या तोंडचं पाणी ओढणार. एक काढा, दुसरं जगेल. कोणतं, ते विचारलं नाही. मन खाऊ लागलं. जेवण गेलं नाही. नुसता वरणभात, दोनदा.

१ फेब्रुवारी
ठरलं. माझाच निंब कापायचा. करवत काढली, तर गंजलेली.

२० फेब्रुवारी
धार लावणारा फिरकला नाही. ही म्हणाली, शेजाऱ्यांकडे कुऱ्हाड आहे, देतील ते. हिला प्रत्येक गोष्टीची घाई.

१४ मार्च
काल करवतीला धार लागली. आज पुंजारामचा निंब पार वाळलेला. वहिनींना काय तोंड दाखवू? परवा येताहेत.

१५ मार्च, पहाटे
पाट्यांची अदलाबदल केली. हिरवागार निंब आता पुंजारामचा, वाळका माझा. याला त्याग म्हणतात.

१६ मार्च
वहिनी टेकाडावर आल्या. पाटी वाचून रडल्याच. म्हणाल्या, सोताचं वाळू दिलं आन् ह्यांचं जगवलं, लय मोठं मन हाय तुमचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हवापाण्यावर बोललो. उद्या खरं सांगणार. नक्की.

२१ मार्च
आज खरं सांगायचंच म्हणून निघालो. कॉलनीत तीन दिवस टँकर नाही. वहिनी टेकाडावरच होत्या, काखेत कळशी. घरातलं प्यायचं पाणी वाळक्या निंबाच्या बुडाशी ओतत होत्या. म्हणाल्या, तुमच्या झाडालाबी फुटंल पालवी, मी रोज अर्धी कळशी आणीन, नाय म्हणू नका, भावजी.
मी नाही म्हटलं नाही.