कुणाला विचारून नेलंस?

केलगेरी, धारवाड
जुलै २००८

प्रसादअण्णा,

तुझा मेल वाचला. "पटकथा विकली जात नाही ना, मग ब्लॉगवर टाक, चार लोक वाचतील तरी," म्हणतोस.

आपली आई देवाशी कायम मराठीत बोलते, कानडी बाजारापुरती. पण अप्पा गेले त्या सकाळी ती देवघरासमोर उभी राहून भाजीवालीशी भांडावं तशी कानडीत भांडली. "यार्न केळि ओय्दि?" कुणाला विचारून नेलंस? तू बेंगळूरहून संध्याकाळी पोचलास. ते मी एकटीनं ऐकलं, पटकथेत लिहिलं आणि वाचायला फक्त तुला दिलं.

काल तुझ्या मालिकेतली आई देवासमोर उभी राहून तेच म्हणाली. सुरुवातीला लेखक म्हणून तुझं नाव होतं. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "त्याला काही लिहू नकोस गं."

म्हणून हे तुला पाठवणार नाही. आणि ब्लॉगवर आता काय टाकू? लोक म्हणतील, बहिणीनं भावाचं चोरलं.

देवानं आईला उत्तर दिलं नाही. तू तरी दे, अण्णा. यार्न केळि ओय्दि?

हेमा